मालतीबाईंचा ईसीजी

गोंदियातल्या एका खाजगी दवाखान्यात मी ईसीजी काढायचो. ऑपरेशनआधीच्या प्रत्येक पेशंटची पट्टी मालतीबाईंच्या हातात जायची. त्या वॉर्डच्या मुख्य सिस्टर. चष्मा कपाळावर चढवून, पट्टी नाकाशी धरून वाचायच्या आणि वर ‘बॉर्डरलाइन’ छापलेलं दिसलं, की हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको झाल्याशिवाय पेशंटला ऑपरेशनचे कपडेच देत नसत. एवढं चालतं, असं मी म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असे. “बॉर्डरलाइन म्हंजे मशीनलेच समजून नाही राहिलं. मंग तुले कसं समजलं?”

एकदा सौंदडचा एक म्हातारा हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आला. सकाळपासून उपाशी, मुलगा सुट्टी काढून आलेला, डॉक्टर तयार होऊन उभे. बाई आडव्या आल्या. डॉक्टर चिडले, मुलगाही चिडला. शेवटी इको झाला, तर हृदयाची एक झडप फार अरुंद झालेली. म्हाताऱ्याला नागपूरला पाठवावं लागलं. तिथे आधी झडपेवर इलाज झाला, मग हर्निया. पुढे तो स्वतःच्या पायांनी बाईंना भेटून गेला.

म्हातारा वाचला यापेक्षा पेशंट हातचा गेला, हेच दवाखान्याला जास्त लागलं. वय झालं, आता आराम करा, असं सांगून बाईंना चादरी-कपड्यांच्या स्टोअरमध्ये बसवलं. तरी जेवणाच्या सुट्टीत त्या माझ्या खोलीत यायच्या, पट्ट्या चाळायच्या आणि एखादी बाजूला काढून म्हणायच्या, डॉक्टरले सांगजो. मी हो म्हणायचो. बहुतेकदा सांगत नसे. मला नोकरी करायची होती.

मागच्या वर्षी बाईंच्याच पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन मंगळवारी, आमच्याच दवाखान्यात. ईसीजी मीच काढला. बॉर्डरलाइन. इकोचे डॉक्टर नागपूरहून फक्त गुरुवारी यायचे. दोन दिवस थांबू द्या, असं बाईंनी डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर हसले. “सिस्टर, आप भी डर गईं? उमर है, थोडा-बहुत तो आएगा ही.” आजूबाजूचे सगळे हसले.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. “तूच काढला ना बाबू? सांग, काय वाटते तुले?”

डॉक्टर समोरच उभे होते. मी म्हणालो, “चालेल, बाई.”

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि संमतीच्या कागदावर सही केली.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्या छातीत कळ आली आणि गुरुवार उजाडायच्या आत बाई गेल्या. हार्ट अटॅक कुणाच्या हातात नसतो, असं घरच्यांना सांगण्यात आलं.

तेराव्याला मी त्यांच्या घरी गेलो. त्यांची धाकटी बहीण पाण्याचा पेला घेऊन माझ्यासमोर बसली. ईसीजी तुम्हीच काढला होता ना, तिनं विचारलं. मी मान हलवली.

“कसा होता?”

“चांगला होता,” मी म्हणालो.

तिनं माझ्या शब्दावर विश्वास ठेवला.