मत कुणाला, हे नानासो सांगायचे

नानासो मिलिटरीतून हवालदार म्हणून पेन्शनवर आले, तेव्हापासून इस्लामपूरजवळच्या त्यांच्या गल्लीत मत कुणाला द्यायचं हे तेच ठरवायचे. मतदानाच्या आदल्या दिवशी बायका त्यांच्या अंगणात जमायच्या. नानासो काठीने मातीत चिन्ह काढायचे आणि दरडावायचे, "ह्ये ध्येनात ठेवा. दुसरं बटन दाबायचं न्हाई." झालं! गल्ली त्यांच्या शब्दाबाहेर जायची नाही. उमेदवारसुद्धा आधी त्यांच्या पाया पडायचा, मग पुढे सरकायचा.

यंदा विधानसभेला मात्र अंगण ओस. सगळ्या बायका शेजारच्या शालूबाईंच्या सोप्यात. त्यांची नवी सून प्रियदर्शनी मोबाईलवर निवडणूक आयोगाचं ॲप उघडून एकेका उमेदवाराची माहिती वाचून दाखवत होती. नानासोंच्या अंगाचा तिळपापड झाला. कालची पोर, अंगाची हळद अजून उतरली नाही, आणि गल्ली हिच्याभोवती? त्यात त्यांची स्वतःची बायको सुलाबाई सगळ्यांच्या पुढे मांडी घालून बसलेली! ह्या पोरीला नक्की कुठल्यातरी पक्षाने पढवलंय, आज उघडी पाडायचीच, म्हणून तेही जाऊन दाराला टेकले.

"ह्यांच्यावर मारामारीचा खटला चालू आहे," पोर वाचत होती.

नेमका याच उमेदवाराला नानासोंनी शब्द देऊन ठेवला होता. खटल्याचं तो पठ्ठ्या काही बोलला नव्हता. नानासो उसळले, "आगं, मग मत कुणाला टाकायचं त्ये सांग की सरळ!"

"ते मी नाही सांगणार, नाना. ज्याचं त्यानं ठरवायचं. काकू, तुम्हाला काय वाटतं?"

आणि सुलाबाई बोलायला लागल्या. पाण्याच्या पाळीचं, डॉक्टर नसलेल्या दवाखान्याचं, पुरात कोण आलं आणि कोण नुसते फोटो काढून गेलं त्याचं. थांबेचनात. शालूबाई मध्ये बोलायला गेल्या, तर त्यांनाही गप्प केलं. नानासो आ वासून ऐकत राहिले. जन्मभर समोर ताट वाढणारी ही बाई त्यांच्यापाशी कधी इतकं बोलली नव्हती. त्या पोरीचा त्यांना असा काही हेवा वाटला की तिथे थांबवेना.

घरी आल्यावर त्यांनी सहज विचारल्यासारखं केलं, "मग, कुणाला देनार?"

"न्हाई सांगायची."

"मी नवरा हाय तुजा. माज्यापासनं लपवतीस व्हय? आजपातूर कदी लपवलंस?"

"आवं, आजपातूर तुमी इचारलं कवा?" म्हणत सुलाबाई चहा ठेवायला आत गेल्या.