हेल्मेटवरचा कॅमेरा

सकाळी चहाच्या टपरीवर एक मोटारसायकलवाला हातात छोटा कॅमेरा घेऊन उभा होता. मला म्हणाला, "आजोबा, हा हँडलला लावू का हेल्मेटवर?"

मी चौथीतनं शाळा सोडलेला माणूस, पण एवढं मला कळतं. हँडलला लावला की नुसता रस्ता दिसतो. हेल्मेटवर लावला की मान वळेल तिकडचं दिसतं.

माझ्या पोरानं, दिलीपनं, असाच हेल्मेटवर लावला तेव्हा मी म्हणालो होतो, "डोक्याला तुरा लावून नवरदेव निघाला." त्यावरनं दोघांचं वाजलं. त्याच दिवशी घाटात गाडी घसरली आणि तो गेला. कॅमेरा तेवढा धड राहिला.

त्यातलं मी सुरुवातीचंच बघतो. गाडी फाटकाशी थांबते, मान वळते आणि ओट्यावर मी दिसतो. "आबा, येतो." आमच्याकडं निघणाऱ्याला "ये" म्हणायची रीत आहे. मी पेपरात डोकं घालून बसलोय. तो बराच वेळ माझ्याकडं बघत राहतो. मी मान वर करत नाही. कितीदाही लावा, करत नाही.

"हेल्मेटवर लाव," मी त्या मोटारसायकलवाल्याला सांगितलं.

त्यानं लावला, गाडी चालू केली. तो निघताना मी म्हणालो, "ये रे." गाडीच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नसावं. त्याची मान काही वळली नाही.