भय्यासाहेबांचा घट्ट हात

भय्यासाहेब खिरवडकरांनी एकदा आवळलेली वस्तू पुन्हा उघडत नसे. लोणच्याची बरणी उघडायला त्यांच्या पत्नी कुंदाताई शेजारच्या आलोकला हाक मारत. चष्म्याची काडी हलते म्हणून भय्यासाहेबांनी तिचा स्क्रू आवळला, तेव्हापासून ती मिटतच नाही. चष्मा टेबलावर हातपाय पसरून पडलेला असतो.

जबलपूरच्या गाड्यांच्या फॅक्टरीत त्यांनी छत्तीस वर्षं फिटरची नोकरी केली. "माझा बोल्ट रस्त्यात सुटला असं सांगणारा अजून जन्माला यायचाय," असं ते निवृत्तीच्या समारंभातही म्हणाले होते. टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेला जोर लागला की 'टक्' करणारा पाना, त्यांनी कधी हातात धरला नाही. "ज्याच्या हाताला कळत नाही, त्यानं ते खेळणं घ्यावं."

मग लेक सुखदानं सायकल आणली. बारीक टायर, एडक्याच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल. भय्यासाहेबांनी ती एका बोटावर उचलली आणि त्यांचा चेहरा पडला.

"ह्यात लोखंड कुठं आहे?"

"नाहीच आहे, बाबा. हँडल पण कार्बनचं आहे."

"कार्बन म्हणजे काजळीच की!"

हँडलला लावायला तिनं ओमती बाजारातल्या दुकानातून घंटी आणि दिवा घेतला होता. दुकानदार "दो मिनट में कस देते हैं" म्हणत हातभर पाना घेऊन आला, तशी ती सामान उचलून घरी आली. दुसऱ्या दिवशी बँकेच्या ट्रेनिंगसाठी तिला चार दिवस भोपाळला जायचं होतं.

"बाबा, हात नका लावू हं. मी आल्यावर लावीन. जास्त आवळलं तर कार्बन आतून तडकतो, बाहेरून दिसत पण नाही."

भय्यासाहेबांना हे लागलं. आपल्या पोटच्या पोरीनं आपल्याला 'हात नका लावू' म्हणावं! तिला स्टेशनवर सोडून आल्यावर त्यांनी चष्मा लावून हँडल तपासलं. त्यावर जोराची मर्यादा छापली होती, तीही अगदी मामुली. त्यांनी हँडलची जाडी बोटांनी मापली आणि तडक स्वयंपाकघरात जाऊन तेवढ्याच जाडीची काकडी निवडली.

पहिली काकडी घंटीच्या पट्ट्यात बसताच फसकन फुटली. दुसरीचे दोन तुकडे झाले.

"अहो, काकडीला घंटी काहून लावून राहिले?" कुंदाताई दारातून म्हणाल्या.

"हात हलका करून राहिलो."

त्या दिवशी कोशिंबीर झाली, दुसऱ्या दिवशी थालीपीठ. तिसऱ्या दिवशी एक काकडी न चिरडता घंटी बसली. भय्यासाहेबांनी मोठ्या कौतुकानं ती वाजवली, तर घंटी गरकन फिरून खाली लटकली.

"आवळलं की फुटतं, सोडलं की फिरतं," ते खाटेवर बसून म्हणाले. "छत्तीस वर्षं मग मी काय केलं, कुंदा?"

"लोखंड आवळलं," कुंदाताई म्हणाल्या. "आता जा आलोककडे."

आलोक फॅक्टरीत त्यांच्याच हाताखाली शिकला होता. त्याच्याकडे छोटा टॉर्क रेंच होता, आणि त्यावरून भय्यासाहेबांनी त्याला दहा वर्षं चिडवलं होतं. तो मात्र लगेच आत जाऊन पाना घेऊन आला. "लीजिए, दादा," म्हणत त्यानं पाना फडक्यात गुंडाळून दिला. हसला असता तर बरं झालं असतं, असं भय्यासाहेबांना वाटलं.

त्यांनी हँडल पुसलं, पट्ट्याखाली जुन्या ट्यूबचा रबर ठेवला. घंटी आणि दिवा, दोन्हींसाठी जोर छापल्यापेक्षाही थोडा कमीच लावला. पाना इतक्या लवकर 'टक्' म्हणाला की तो बिघडला असंच त्यांना वाटलं. बोटं शिवशिवायला लागली.

"अजून पाव फेरा..."

कुंदाताईंनी मनगट धरलं. "पुरे."

सुखदा परतली ती जड पिशवी घेऊन. ओसरीत वळताना पिशवी सायकलला लागली आणि सायकल धाडकन फरशीवर पडली. घंटी एकीकडे वळली, दिवा दुसरीकडे.

"ढिलं राहिलं!" भय्यासाहेब ओरडले. "मी म्हणत होतो, पाव फेरा अजून!"

सुखदा आधी दचकली, मग खाली बसली. तिनं मोबाइलच्या उजेडात हँडलवरून बोट फिरवलं. कुठं चरा नाही की तडा नाही.

"बाबा, घट्ट असतं ना, तर सगळा मार हँडलनं खाल्ला असता. हे फिरलं म्हणून ते वाचलं. कुणी लावलं इतकं बरोबर?"

भय्यासाहेब छताकडे पाहू लागले. कुंदाताईंनी त्यांच्याकडे बोट दाखवलं.

"तुम्ही? एवढं हलकं?"

"सहा काकड्या गेल्या," कुंदाताई म्हणाल्या.

त्या रविवारी सुखदा आपल्या सायकलवाल्या मित्रमंडळींबरोबर भेडाघाटला जाऊन आली. पुढच्या रविवारी ओसरीत त्यांच्यातल्या तिघांच्या सायकली दिवे बसवून घ्यायला उभ्या होत्या. एक दांडगा गडी आपल्या दिव्याकडे पाहत म्हणाला, "अंकल, थोड़ा और टाइट कर दो ना."

भय्यासाहेबांनी आलोकचा पाना फडक्यानं पुसला. "बेटा," ते म्हणाले, "ज़ोर तो कोई भी लगा लेता है," आणि पुढच्या सायकलकडे वळले.