माझी शेजारीण

इंदिरानगरातल्या आमच्या मराठी मंडळाने यंदा गणपतीत एक परीकथा रंगमंचावर आणली. चुलीपाशी राबणारी गरीब पोर, राजपुत्र आणि दुष्ट सावत्र बहीण. ही शेवटची मी. चाळिशी उलटलेली, आवाज खणखणीत, मला दुसरं काय मिळणार?

तालमीत मी जीव तोडून ओरडायचे, पण कोणाला भीती वाटेना की हसू येईना. एका संध्याकाळी वैतागून मी पदर खोचला, मान तिरकी केली आणि थेट अक्काच्या आवाजात म्हणाले, "काय करालीस गं तिथं? स्वल्प सरक की." सगळे हसून लोळले. नाटक बसवणाऱ्याने हेच ठेवायला सांगितलं. मीही खूश होऊन ठेवलं.

अक्का म्हणजे माझी खरोखरची सावत्र बहीण, वडिलांच्या पहिल्या बायकोची मुलगी. बेळगावात माझी आई नोकरीला जायची, तेव्हा माझ्या वेण्या घालून मला शाळेत पोचवायची ती अक्काच. तिने मला कधी साधी चापट मारल्याचं आठवत नाही. मंडळात मात्र मी पुण्याची. तिथे कॉलेज केलं, एवढ्याच भांडवलावर. बेळगावी बोलणं घरी ठेवूनच मी मंडळात जाते आणि आजवर कोणाला संशय आलेला नाही.

अक्का तेव्हा शहराच्या दुसऱ्या टोकाला, येलहंक्याला, मुलाकडे आली होती. मी तिला नाटकाचं कळवलं नव्हतं. मुलाच्या फोनवर जाहिरात पाहून ती एकटीच बसने आली. दुसऱ्या प्रवेशात ती मला पुढच्याच रांगेत दिसली. आवाज बदलणं माझ्या हातात होतं. पण लोक हसत होते आणि मला तो हशा सोडवेना. उलट दोन वाक्यं मी पदरची घातली.

नाटक संपल्यावर ती डबा घेऊन आत, आमच्या मेकअपच्या खोलीत आली. शेंगांच्या पोळ्या होत्या.

"छान केलीस गं. स्वल्प पाणी पी आधी, घसा बसलाय बघ."

खोलीतल्या बायकांनी वळून पाहिलं. आत्ता स्टेजवर ऐकलेला आवाज, तीच तिरकी मान. एकीने हसू दाबत मला विचारलं, या कोण तुमच्या? उत्तर एका शब्दाचं होतं आणि ते माझ्या तोंडातून निघेना. मला लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर ती केल्या कामाची नव्हती, अक्काची वाटत होती.

अक्काने एकदा माझ्याकडे पाहिलं.

"मी होय? यांच्या शेजारी राहतो की आम्ही," ती म्हणाली.

मी मान डोलावली. चांगली शेजारीण मिळाली हो तुम्हाला, असं म्हणत त्या बाईने डब्यातली पोळी उचलली. अक्का थोडा वेळ उभी राहिली, मग निघाली. मी तिला बसस्टॉपपर्यंत सोडायलाही गेले नाही. शेजारणीला कोण सोडायला जातं?