आईची करवंदं

आईबाबा सध्या आमच्याकडे सिंगापूरला आलेत. काल इथल्या बिशान भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये बाबा वाटीतल्या ब्लूबेरी एकेक करून खात होते. "डॉक्टरांनी सांगितलंय, हृदयाला उत्तम. तिकडे गोरे लोक पूर्वापार खातात!" माझं डोकंच फिरलं.

वाटीतला तो काळा-जांभळा ढीग बघून मला गावचा वैशाख आठवला. मी दहा वर्षांची असेन. मुंबईचे पाहुणे यायचे होते म्हणून आई पहाटेच डोंगरावरून करवंदं घेऊन आली. हातांवर काट्यांचे ओरखडे, बोटांना पांढरा चीक. धुतलेली करवंदं तिने ताटात मांडली, तेव्हा घरापुढच्या ओटीवर आंबट-गोड वास सुटला होता. बाबा सगळ्यांदेखत म्हणाले, "हे काय गुराख्यांचं खाणं ठेवतेस? बिस्किटं आण." पाहुणे हसले. आईने ताट उचललं. बिस्किटं मी मजेत खाल्ली, याचा आज जास्त राग येतो.

काल मी सरळ विचारलं, "बाबा, त्या दिवशी आईची करवंदं का उचलायला लावलीत?"

"कधी गं? काहीतरीच तुझं!"

आई पोळ्या लाटत होती. मागे न वळता म्हणाली, "गुरुवार होता. एकानेही एक करवंद तोंडात टाकलं नव्हतं."