मल्लप्पा सुधारला की न्हाय

राजेश्वरीचं आणि मल्लप्पाचं एक भांडण मी भिंतीआडून ऐकलं होतं. मुद्दाम कान लावला नव्हता. आमच्या दोन घरांमधली भिंतच अशी की पलीकडं शेंगा फोडल्या तरी इकडं कळावं. दिवाळीच्या पाडव्याचा दिवस होता. मल्लप्पा पत्त्यांत हरून आला होता आणि पानांना शिव्या घालत होता.

"पानंच आली न्हाईत आज. मी काय करू?"

"आज न्हाईत आली, मागल्या दिवाळीला न्हाईत आली, त्याच्या मागल्याला बी न्हाईत," राजेश्वरी म्हणाली. "पानांना तुमचं घर ठावं न्हाय जणू."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला न्हाय कळत. तुमाला कळतंय न्हवं? मग सांगा की, एवढी वर्षं खेळताय, सुधारलाय कशात? एक गोष्ट सांगा. लगीच सांगा."

मग आवाज आला तो तांब्या आपटल्याचा. त्या दिवशी तो सणाच्या ताटालाही शिवला नाही. मी इकडं तोंडाला पदर लावून हसत होते.

राजेश्वरी माझी जाऊ. ती जाऊन बरीच वर्षं झाली. मल्लप्पा माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा तो पाटी घेऊन शाळेत जायचा, म्हणून त्याला 'भावजी' म्हणायला माझी जीभ कधी वळलीच नाही. मी त्याला मल्लप्पाच म्हणायची आणि तो मला वैनी. या माघात तोही गेला. जन्मभर चादरीच्या दुकानात उभा राहिला. गिऱ्हाईक आलं की चादर उलगडायची, उलटी करून दाखवायची, काठ दाखवायचा, धागा ओढून दाखवायचा. काही झाकून ठेवणं त्याला ठाऊकच नव्हतं. दुकानात ते चांगलं होतं. पत्त्यांत त्यानंच घात केला.

काम सुटल्यावर तो दुपारी चनबसप्पाच्या कट्ट्यावर जाऊन बसू लागला. चनबसप्पा बँकेतून निवृत्त झालेला, कट्टा त्याचा, सतरंजी त्याची, म्हणून हुकूमही त्याचाच. दुसरा तिप्पण्णा, पिठाच्या गिरणीवाला. दुपारी गिरणीवर पोराला बसवून यायचा. तिसरा गुरुलिंग, ज्याची किराणा दुकानातली गादी आता सून सांभाळते. आणि चौथा आमचा. मी समोरच्या पायरीवर ज्वारी निवडत बसायची. मल्लप्पा माझ्याकडं जरा तिरकी पाठ करून बसायचा, त्यामुळं त्याची पानं मला दिसायची. तेवढी नजर अजून शाबूत आहे.

चनबसप्पाच्या जावयानं हैदराबादेहून येऊन यांना पोकर शिकवलं. प्रत्येकाला दोन पानं झाकून. मध्ये पाच पानं उघडी, पण एकदम नाही, हळूहळू. ज्याची जोडणी भारी, त्यानं मधली रास उचलायची. पैसे लावायला चनबसप्पाच्या बायकोनं साफ मनाई केली होती, म्हणून प्रत्येकाच्या वाटीत चिंचोके. पान नको वाटलं तर झाकून टाकून द्यायचं आणि गप्प बसायचं. एवढंच. ऐकायला सोपं वाटतं. आमच्या मल्लप्पाला तेवढंच जमायचं नाही. दोन पानं हातात आली की त्याला वाटायचं, आलीत ना, मग खेळलंच पाहिजे. ताटात वाढलेलं टाकू नये तसं तो एकही पान टाकायचा नाही. सगळ्या डावांत घुसायचा आणि संध्याकाळी रिकामी वाटी घेऊन घरी यायचा.

करमाळ्याहून त्याच्या लेकीचा, भुवनेश्वरीचा रोज फोन यायचा. "अप्पा, आज जिंकलात का?"

"न्हाय गं."

"मग कशाला जाताय रोज?"

फोन ठेवून तो माझ्याकडं बघायचा. "वैनी, दुसरं काय ईचारतच न्हाय कोण."

दिवाळी झाल्यावर चनबसप्पानं जाहीर केलं. गुरुलिंगचा मेव्हणा विरेश वळसंगची शेती भावाला देऊन आमच्या बोळात राहायला येणार होता. त्याला खेळायचं होतं. सतरंजीवर जागा चौघांची. पाचवा बसला की कोपराला कोपर लागतं आणि पानं दिसतात.

"तर मग असं," चनबसप्पा म्हणाला. "चिंचोके रोजचे रोज ज्याचे त्याच्या वाटीत राहतील. संक्रांतीला गड्ड्याची जत्रा भरंल, त्याच्या आत ज्याची वाटी सगळ्यात हलकी, त्यानं उठायचं. भांडणतंटा नको."

बोलला सगळ्यांना, पण बघितलं मल्लप्पाकडं. तिप्पण्णा खोकला. मी ज्वारीतला खडा उचलायला खाली बघितलं.

मल्लप्पाला ती सतरंजी म्हणजे काय होती ते मला माहीत होतं. घरात तो एकटा. सकाळी पूजा, मग जेवण, मग दुपार. दुपार जाता जात नाही म्हणायचा. कट्ट्यावर दुपार जायची. तिथून उठवलं तर त्यानं जायचं कुठं? माझ्या पायरीवर? मी काय, मी त्याला ज्वारी निवडायला लावली असती.

तो जिद्दीला पेटला. रात्री भुवनेश्वरीच्या पोरानं मोबाईलवर पाठवलेलं काहीबाही बघायचा, आणि सकाळी मला ऐकवायचा. मला त्यातलं निम्मं कळायचं नाही. "वैनी, धा डाव आले तर सात टाकायचे." मी म्हटलं, "मग जातोस कशाला?" तो वैतागला. "तुमी बी भुवीवानीच बोलाय लागला की!"

पण टाकायला लागला खरा. आधी पान टाकताना त्याचा चेहरा असा व्हायचा की कुणीतरी पोटचं पोर मागितलंय. मग सवय झाली. टाकलेल्या वेळात तो दुसऱ्यांकडं बघू लागला. संध्याकाळी येऊन सांगायचा, "गुरुलिंगकडं पान आलं की तो पान थुकायला उठत न्हाय. न्हाय आलं तर दोनदा उठतोय." दुसऱ्या दिवशी मी पायरीवरून बघितलं. खरंच की! इतकी वर्षं तो माणूस माझ्यासमोर थुंकतोय, मला कधी दिसलं नव्हतं.

तरी वाटी हलकीच. मला कळेना. त्याला तर त्याहून कळेना. त्याच्याकडं चांगली पानं आली की बाकीचे तिघं पटापट पानं टाकून मोकळे. रास वाढायचीच नाही. दोन एक्के आले आणि मिळाले काय, तर मूठभर चिंचोके. आणि एका दुपारी चनबसप्पा हसत हसत बोलून गेला, "मल्लप्पा, अरे शिवाला जरा इसावा दे की!"

मल्लप्पा खाली बघतो तर त्याचा उजवा हात छातीवर. आम्हा लिंगायतांच्या गळ्यात चांदीच्या करडगीत, म्हणजे डबीत, लिंग असतं. चांगलं पान आलं की त्याचा हात आपोआप तिथं जायचा. सगळ्या कट्ट्याला ठाऊक होतं. मला सुद्धा दिसत होतं, पण मला वाटायचं, भक्ती आहे.

त्या संध्याकाळी तो माझ्यावर तणतणला. "तुमी तरी सांगायचं, वैनी! महिनोन्‌महिने मी माझी पानं ओरडून सांगत बसलोय!"

"मला काय ठावं, देवाला हात लावणं खेळात चालत न्हाय ते?"

दोन दिवसांनी मी बघितलं, त्याच्या हातात दुर्री आणि सत्ती. कचरा. आणि हा गृहस्थ शांतपणे लिंगावर हात ठेवून चिंचोके पुढं सरकवतोय. मध्ये रास मोठी होती. तिप्पण्णानं त्याच्या छातीवरच्या हाताकडं बघितलं आणि पानं टाकली. बाकीच्यांनीही टाकली. मल्लप्पानं सगळी रास ओढली. मला आनंदानं सूप सावरेना. घरी आला तर तोंड कडू.

"जिंकलास की रे!"

"जिंकलो. पर देवाला खोटं बोलाय लावलं मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजेला नेहमीपेक्षा जास्त वेळ बसला. त्यानंतर त्यानं एक नेम केला. पानं वाटली की ती उचलायच्या आधीच लिंगाला हात लावायचा, मग पानं बघायची. राजा येवो नाहीतर दुर्री. "चांगल्या पानालाच देव आठवायचा काय, वैनी? ते बी चुकच हुतं." आता देवाचं देवाला गेलं आणि त्याच्या पानांचा वास कुणाला लागेना. गुरुलिंग चिडून म्हणायला लागला, "ह्येच्या मनात काय हाय त्येच कळंना झालंय." ही शाबासकीच होती. पण ती तक्रारीच्या सुरात आली, म्हणून मल्लप्पाला ऐकू आली नाही.

वाटी भरत आली, पण आधीचा खड्डा मोठा. जत्रा तोंडावर आली तेव्हा तो आणि गुरुलिंग जवळजवळ सारखे होते.

शेवटच्या दुपारी विरेशही बघायला येऊन बसला होता, सतरंजीच्या कडेला, चप्पल काढून तयारीत. मल्लप्पानं लिंगाला हात लावला, पानं उचलली. दोन राजे. पण मध्ये पानं उघडत गेली तशी त्यात चार किलवरची निघाली. कुणाकडं पाचवं किलवर असलं की राजे पाण्यात. मल्लप्पाकडं एकही किलवर नव्हतं. आणि तिप्पण्णानं, जो एक चिंचोका सोडताना दहादा विचार करतो, अर्धी वाटी पुढं ओतली.

मल्लप्पा बसून राहिला. मी मनातल्या मनात ओरडत होते, घाल, घाल, राजे आहेत! त्यानं दोन्ही राजे पालथे टाकले.

"काय हुतं रे?" चनबसप्पानं विचारलं.

"पुढचं वाटा."

तिप्पण्णानंही पानं दाखवली नाहीत. नियमच तो. त्याच्याकडं किलवर होतं की नुसती हवा होती, ते मला अजून ठाऊक नाही, आणि तेच मला खातं.

वाटीत उरलं होतं तेवढ्यात अजून खेळता येत होतं. एक-दोन डाव त्यानं असेच सोडले. मग आल्या दोन राण्या. गुरुलिंग बराच वेळ बसून होता, थुंकायला उठला नव्हता, आणि तरी मल्लप्पानं सगळी वाटी पुढं सारली. गुरुलिंगनंही सारली. पानं उघडी केली तर त्याच्याकडं दोन पंज्या. राण्या भारी. मी सूप खाली ठेवलं. मधली तीन पानं आली, काही नाही. चौथं आलं, काही नाही. शेवटचं आलं, पंजी. गुरुलिंगच्या तीन झाल्या.

गुरुलिंग स्वतःच 'अरारा' म्हणाला. विरेशनं बूड जरा पुढं सरकवलं.

"तुला अजून येत न्हाय बघ मल्लप्पा," चनबसप्पा म्हणाला. वाईट मनानं नाही. पत्ते गोळा करता करता. "एवढं शिकून फरक काय पडला?"

मल्लप्पा उठला. पूर्वीचा असता तर पानांना शिव्या देत बोळ डोक्यावर घेतला असता. आज त्यानं सतरंजीचा कोपरा सरळ केला आणि घरी आला. माझ्या घरात मात्र फुटला.

"बरोबर खेळलो मी आज! राजे टाकले ते बरोबर. राण्या लावल्या ते बी बरोबर. ती पंजी आली त्याला मी काय करू? हरलेला माणूस बरोबर खेळला असं कुणाला सांगू मी? कोण ऐकंल?"

"मी ऐकते की."

"तुमाला कळत न्हाय त्यातलं."

"न्हाय कळत. पर तू आदी पानं आली न्हाईत म्हणून रडायचास. आज भारी पान आलं, तरी टाकलंस. जल्मभर सगळं उलगडून दाखवणारा माणूस तू, काय टाकलं ते कुणाला सांगितलं न्हाईस. ह्ये माज्यापुढं झालंय. मला एवढंच दिसलं."

मग फोन वाजला. भुवनेश्वरी. "अप्पा, जिंकलात का?"

"न्हाय," तो म्हणाला. "पर खेळ चांगला झाला."

"म्हणजे हरलात."

त्यानं माझ्याकडं बघून कपाळावर हात मारला. "व्हय बाई, हरलो."

जत्रा झाली. दुपारी तो घरातच पडून राहायचा, पंखा बघत. मी काही बोलले की 'होगली बिडू' म्हणायचा, जाऊ दे. माझं मन नुसतं चरफडायचं. विरेश सगळ्या डावांत घुसायचा, वाटी रोज रिकामी करायचा, आणि चनबसप्पा त्याला म्हणायचा, नवीन हाय, शिकंल.

तो गेला त्याच माघातल्या एका दुपारी माझं पीठ संपलं होतं. माझं दळण पहिल्यापासून मल्लप्पाच करून आणायचा. डबा दिला तेव्हा मी म्हटलं, "मागल्या बोळानं जा. कट्ट्यावरून कशाला?"

"मागनं लांब पडतंय," तो म्हणाला आणि डबा खांद्यावर घेऊन पुढच्या बोळानंच गेला. मी दारातून बघत होते. कट्ट्यापाशी तिप्पण्णानं मान वर केली.

"मल्लप्पा, पोरगं हाय गिरणीवर. बारीक दळ म्हणावं, वैनीचे दात न्हाईत."

"सांगतो."

"बस की जरा."

"ज्वारी घेऊन बसू काय? येताना गरम पीठ असतंय."

तो गेला, आला. डबा माझ्या चुलीपाशी ठेवला, झाकण काढून बाजूला कललं ठेवलं. "निवल्याबिगर झाकू नका," म्हणाला, आणि हात झटकत पलीकडं गेला.