पाळणा दोन हात लांब

रिपोर्ट आला तेव्हा मी सातवीच्या मुलांना अपूर्णांक शिकवत होते. टाळेबंदीचं वर्ष होतं, शाळा मोबाईलमध्ये भरत होती आणि मला नववा महिना लागला होता. प्रसूतीच्या आधी प्रत्येक बाईची करोनाची चाचणी करायचीच, असा दवाखान्यांचा नियम होता, म्हणून माझीही केली होती. मला ना ताप, ना खोकला. नवऱ्याने दारात उभं राहून स्वतःचा फोन माझ्याकडे वळवला. त्यावर एकच शब्द लाल अक्षरात होता. मी मुलांना म्हटलं, "उरलेलं उद्या." तो उद्या सहा महिन्यांनी उजाडला.

आम्ही गुलटेकडीला राहायचो. नवरा मार्केट यार्डात धान्याच्या एका गाळ्यावर कामाला होता. माझं माहेर वर्ध्याकडचं. आई येणार होती, पण गाड्या बंद होत्या आणि बाबांना एकटं सोडण्यासारखं नव्हतं. ज्या छोट्या दवाखान्यात नाव घातलं होतं तिथल्या डॉक्टरांनी हात जोडले. "आमच्याकडे वेगळी खोली नाही हो. मोठ्या हॉस्पिटलात जा, मी बोलून ठेवते." दुसऱ्याच दिवशी सकाळी कळा सुरू झाल्या. ॲम्ब्युलन्समधून जाताना स्वारगेटचा चौक रिकामा दिसला. इतक्या कळा येत असतानाही माझ्या मनात आलं, अरे, हा चौक केवढा मोठा आहे!

दुपारी मुलगी झाली. नवऱ्याचा रिपोर्ट निगेटिव्ह होता, त्यामुळे त्याला आत प्रवेश नव्हता. सिस्टरने त्याला खाली फोन लावून दिला.

"वजन किती?" हा त्याचा पहिला प्रश्न.

"दोन किलो आठशे."

"वा! पावणेतीनच्या वर. चोख आहे." आणि मग एकदम त्याला रडू फुटलं. गाळ्यावर दिवसभर पोती उचलणारा माणूस, पार्किंगमध्ये उभा राहून मुलासारखा रडत होता आणि मी वरून त्याची समजूत घालत होते.

डॉक्टरीणबाई पायापासून डोक्यापर्यंत पांढऱ्या पोशाखात होत्या. फक्त डोळे दिसायचे, तेही चष्म्याआड. त्यांनी मला सरळ सांगितलं, "बाळाला तुमच्याकडून लागण होऊ शकते, पण क्वचित होते. मास्क लावा, हात धुवा आणि दूध पाजा. एरवी पाळणा खाटेपासून दोन हात लांब. कळलं?"

मला कळलं, पण सासूबाईंना पटलं नाही. त्या साताऱ्याहून फोनवर म्हणाल्या, "बाळाला घरी पाठवून द्या. डब्याचं दूध देऊ आपण. उगीच परीक्षा नको." मलाही आतून तेच वाटत होतं. माझ्याच हातांची भीती वाटत होती. डॉक्टरीणबाईंनी माझ्या हातातला फोन घेतला.

"आजी, नमस्कार. आमची काळजी दुधाची नाही, तोंडाची आहे. म्हणून तुमच्या सूनबाईंचं तोंड बंद ठेवलंय. तुमची हरकत नसावी."

पलीकडे सासूबाई इतक्या हसल्या की फोन कानापासून लांब धरावा लागला. "असं असेल तर राहू द्या तिथेच," म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी डब्याच्या दुधाचं नाव काढलं नाही.

खोलीत दोन खाटा होत्या. शेजारच्या खाटेवर हडपसरपलीकडच्या एका गावातली बाई होती. ते गाव नुकतंच महापालिकेत आलं होतं, पण घरी शेती होती. तिचं हे तिसरं बाळंतपण, मुलगा झाला होता, माझ्या एक दिवस आधी. तीही पॉझिटिव्ह होती आणि माझ्याप्रमाणे तिलाही काही त्रास नव्हता. मला बाळ धरता येत नव्हतं. मुलगी तोंड फिरवायची, रडायची, आणि मीही रडायचे. माझा मास्क आतून ओला व्हायचा. ती आपल्या खाटेवरूनच सूचना द्यायची.

"आवं ताई, बाळाला वर आना, तुमी खाली वाकू नका. मान मोडंल तुमची. हां. आता दमानं. तिला ठाऊक हाय सगळं, तुमालाच न्हाय."

तिसऱ्या प्रयत्नात मुलगी प्यायली. शेजारीण टाळी वाजवायला गेली आणि तिचा मुलगा दचकून उठला.

दुसऱ्या दिवशी दोन्ही बाळांच्या नाकातून नमुने घेतले. केवढीशी ती नाकं! त्या दुपारी मुलगी शिंकली. एकदा नव्हे, लागोपाठ तीनदा. मी बेल दाबली, दाबतच राहिले. सिस्टरला तो सगळा पोशाख चढवून यायला दहा मिनिटं लागली. ती धापा टाकत आत आली.

"काय झालं?"

"बाळ शिंकलं."

"मग?" ती म्हणाली. "शिंकणारच. नाक साफ करायला त्यांना रुमाल वापरता येतो का?"

संध्याकाळी रिपोर्ट आले. माझी मुलगी निगेटिव्ह होती, शेजारणीचा मुलगा पॉझिटिव्ह.

त्यानंतर मी जे केलं ते आजही सांगताना मान खाली जाते. डॉक्टरीणबाई तिच्याशी बोलत होत्या, बाळ छान आहे, पितंय, फक्त लक्ष ठेवायचं, वगैरे. मी खाटेवरून उतरले आणि मुलीचा पाळणा आणखी लांब, भिंतीपर्यंत ओढला. चाकांचा आवाज झाला. तिने वळून पाहिलं.

"ओढा, ताई," ती म्हणाली. "मीबी ओढला असता."

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मग ती भिंतीकडे तोंड करून पडली. तिच्या बाळाच्या इवल्या पायाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला होता, त्याचा लाल दिवा तेवढा लुकलुकत होता.

मी आईला फोन लावला आणि रडत रडत, हळू आवाजात सगळं सांगितलं. आई म्हणाली, "तिच्याजवळ तिचं कोनी आहे काय?"

"नाही."

"मंग काहून रडून राहिली व? पाळणा राहू दे लांब. जीभ तं लांब नाही नं तुही?"

मी फोन ठेवला. शेजारणीच्या पाठीकडे बघत विचारलं, "ताई, तुमच्या शेतात काय लावलंय?"

भिंतीकडूनच आवाज आला, "वांगी."

"कसली?"

"काटेरी. मंडईत आमची वांगी इचारून घेत्यात." ती कुशीवर वळली. तिच्या मालकांनी पहिल्या बाळंतपणात दवाखान्यात डब्याऐवजी वांग्याचं अख्खं पोतं कसं आणलं होतं, ते ती सांगू लागली आणि सांगता सांगता हसू लागली. हसताना रडलीही. मी माझ्या खाटेवरून, ती तिच्या खाटेवरून, आम्ही दोघी एकमेकींना मास्कमधून नाक पुसताना पाहत होतो.

तासाभराने तिला आणि बाळाला शेजारच्या खोलीत हलवलं. जाताना तिने माझा नंबर मागून घेतला. त्यानंतर आमचं बोलणं फोनवर चालायचं, मध्ये एक भिंत असताना. "प्याला?" "प्याला. तुमची?" "आत्ताच झोपली." एक दिवस तिच्या बाळाचं अंग कोमट लागलं आणि ती फोनवर नुसती श्वास घेत राहिली. मीही फोन ठेवला नाही. दुपारपर्यंत ताप उतरला.

मला पाचव्या दिवशी घरी सोडलं. तिला आणखी थांबावं लागलं. घरी मी आणि मुलगी आतल्या खोलीत, नवरा बाहेर. तो माझ्या आईला व्हिडिओवर समोर ठेवून मेथीचे लाडू वळायचा आणि दाराशी ठेवून जायचा. पहिली खेप खलबत्त्यात फोडून खावी लागली. पण मी सगळे खाल्ले.

दहाव्या दिवशी शेजारणीचा फोन आला. पाठीमागे तिची मोठी पोरं ओरडत होती, म्हणजे ती घरी पोहोचली होती. "गेला बगा पावना," ती म्हणाली. "निगेटिव आला. आता नुसतं खातोय न झोपतोय, बापासारखं."

त्याच आठवड्यात माझी वेगळं राहायची मुदत संपली आणि मी मुलीसमोर पहिल्यांदा मास्क काढला. तिने आजवर माझे फक्त डोळे पाहिले होते. ती माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत राहिली, भुवया वर करून, जणू कोणी तरी फसवलंय. दारात नवरा उभा होता. मुलीला उचलून घ्यायची त्याची ती पहिलीच वेळ. तिला हातात घेतल्यावर तो वजनाबद्दल काही म्हणाला नाही.

आता दोन्ही मुलं पाच वर्षं ओलांडून गेली आहेत. शेजारणीचा आणि माझा संबंध टिकला. दर हिवाळ्यात आम्ही तिच्या शेतावर जातो. मागच्या खेपेला वांग्यांच्या वाफ्यात दोघं खेळत होती. तिचा मुलगा छाती काढून माझ्या मुलीला सांगत होता, "मला करोना झालता. जल्मलो तवाच. तुला न्हवता झाला."

मुलगी धावत माझ्याकडे आली. डोळ्यांत पाणी, आवाजात तक्रार.

"आई, याला झाला, मग मला का नाही दिला?"

शेजारीण वाफ्यातच खाली बसली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. मी मुलीला काही तरी उत्तर देणार होते, पण हसू आवरेपर्यंत दोघं विहिरीकडे पळाली होती आणि आम्हाला त्यांच्यामागे धावावं लागलं.